भोपाळहून आणलेली हिरवी बाटली

मे महिन्यात भोपाळला कोणी जातं का, असं मला कराडात ज्याने त्याने विचारलं. भाजीवालीनेही विचारलं. जाऊन आल्यावर सांगते, जातात. पन्हं बरोबर न्यावं, डोक्याला ओढणी गुंडाळावी आणि दुपारी ज्याच्या घरी असू तिथून हलू नये. यातलं शेवटचं मला जमलं नाही, कारण मी तिथे तळी बघायला गेलेच नव्हते. भाचीची समजूत घालायला मला बोलावून घेतलं होतं.

माझा थोरला भाऊ, दादा, तरुणपणी नोकरीसाठी भोपाळला गेला आणि तिथलाच झाला. मोठमोठी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात तो इंजिनियर होता. आता निवृत्त आहे. त्याची एकुलती एक मुलगी गार्गी तिथेच रसायनशास्त्रात पीएचडी करते. मी स्वतः साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. उसाचा रस, पाक, मळी आणि चिपाडातली ओल तपासण्यात माझी नोकरी गेली. म्हणून दादाचा फोन मला.

"कुंदा, तू लॅबमध्ये आयुष्य काढलंस, तुझं ती ऐकेल," तो म्हणाला. "तिचा प्रयोग बसत नाहीये. दोन महिने झाले, पोरगी धड जेवत नाही. एम. पी. नगरातल्या एका कोचिंग क्लासने तिला शिकवायला बोलावलंय, शनिवारी उत्तर द्यायचंय. चांगली नोकरी आहे. तिला सांग, पुरे झालं आता."

मी भाजणीचं पीठ घेतलं आणि गाडीत बसले.

इंद्रपुरी

दादाचं घर कारखान्याजवळ, इंद्रपुरीत. बैठं, नीटनेटकं, पुढे मोगरा. आत पाऊल टाकलं आणि गार, ओलसर, खसाचा वास असलेला वारा अंगावर आला. खिडकीत एक भलाथोरला पत्र्याचा डबा बसवलेला. बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, खाली पाणी, आत पंखा. हा भोपाळचा कूलर. आमच्याकडे पंखा लावतात आणि उकडतंय म्हणून कुरकुरत बसतात. भोपाळात कूलर लावतात आणि त्याच्यासमोर संसार मांडतात. दूध तापवलं की पातेलं कूलरसमोर. खीर केली की कूलरसमोर. इस्त्रीचे कपडे, उकडलेले बटाटे, बाहेरून आलेला माणूस, सगळं त्याच्यासमोर एका ओळीत निवायला ठेवतात.

वहिनी मूळच्या इंदूरच्या. त्यांचं मराठी ऐकायला मला फार आवडतं, आणि त्यांना ते ठाऊक असल्यामुळे माझ्यासमोर त्या जरा जास्तच इंदुरी होतात. नाश्त्याला पोहे आणि जिलबी एकाच बशीत आली. मी जिलबी बाजूला काढली.

"वन्सं, असं अलग अलग नाही खायचं," वहिनी म्हणाल्या. "एक घास पोह्याचा, एक तुकडा जिलबीचा. ट्राय तर करा."

केलं. पुढचे सगळे दिवस मी दुसरं काही मागितलं नाही.

गार्गी आंघोळ करून आली, माझ्या पाया पडली आणि समोर बसली. डोळ्यांखाली काळं आलेलं.

"आत्या, बाबांनी तुला सगळं पढवून आणलंय ना?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"ठीक आहे. पहले माझी लॅब बघ. मग समजव."

मिसरोदच्या पुढे

तिची प्रयोगशाळा होशंगाबाद रोडवर, मिसरोदच्याही पुढे. स्कूटरवर मागे बसले. हेल्मेटच्या आत ओढणी आणि ओढणीच्या आत मी. तापल्या कढईवर वाकल्यावर लागते तशी वाऱ्याची झळ तोंडाला लागत होती. प्रयोगशाळेतला एसी मार्चपासून बंद पडलेला, त्यामुळे मुलींनी आपसात वर्गणी काढून खिडकीत कूलर बसवला होता. मी लगेच त्याच्या झोतात खुर्ची ओढली.

गार्गीने एक स्टँड पुढे केला. त्यात बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या होत्या, घट्ट बुचं लावलेल्या. एक निळी, एक मोरपंखी, एक हिरवी, मग पिवळसर, शेवटची लाल. बांगड्यांच्या दुकानात उभी राहिल्यासारखी मी बघत राहिले.

"रंग कोणता घालतेस यात?"

"रंग नाहीच आहे, आत्या. पाणी आणि सेल्युलोज, बस."

सेल्युलोज माझ्या ओळखीचं. कापूस, कागद, उसाचं चिपाड, सगळं तेच. ते पाण्यात विरघळत नाही. पण त्याच्यावर थोडी रासायनिक कारागिरी केली की विरघळतं. गार्गी वापरते त्याचं नाव हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज. दिसायला तांदळाच्या पिठासारखी पांढरी पूड, औषधाच्या गोळ्यांतही घालतात. पाणी कमी आणि पूड जास्त घेतली की काकवीसारखा घट्ट पाक होतो, आणि त्या पाकाला आपोआप रंग येतो.

आपोआप कसा, हे समजावायला तिने आगपेटी घेतली. पेटीत थोड्याच काड्या ठेवून हलवली. काड्या वाटेल तशा पडल्या. मग पेटी गच्च भरली. आता काड्यांना आडवंतिडवं व्हायला जागाच नव्हती, सगळ्या एका दिशेने झोपल्या.

"पूड कमी असली की आतले रेणू असे भटकत असतात. गर्दी झाली की रांगेत येतात. वाहतं पाण्यासारखं, पण आतून शिस्त स्फटिकासारखी. म्हणून द्रव-स्फटिक. आणि एका थरावर दुसरा थर जरासा वळून बसतो. गोल जिन्याच्या पायऱ्या असतात ना, तसा. तो जिना किती उंचीत एक फेरा पूर्ण करतो, त्यावर रंग ठरतो. आखूड फेरा असला तर निळा. पाणी वाढलं की फेरा लांबतो, रंग लालकडे जातो. तापवलं तरी लालकडे जातो."

"आणि अजून तापवलं तर?"

तिने हिरवी बाटली गरम पाण्यात धरली. हिरवी पिवळी झाली, पिवळी लाल झाली, मग एकदम दुधासारखी पांढरी पडली. मला वाईटच वाटलं.

"गेली?"

"नाही गं. पाण्याचं आणि तिचं पटेनासं झालं, इतकंच. निवू दे. हलवायचं नाही, घाई करायची नाही. परत येते."

कुठल्या प्रमाणाला आणि कुठल्या तापमानाला हा पाक कुठल्या अवस्थेत असतो, याचा एक नकाशा तिने थंडीत तयार केला होता. तोच तिच्या प्रबंधाचा कणा. पण प्रयोग पुन्हा केला तर पुन्हा तसाच यायला हवा, आणि इथेच घोडं अडलं होतं. शंभरात पासष्ट भाग पूड असलेली बाटली थंडीत हिरवी झाली होती. एप्रिलपासून त्याच प्रमाणाची प्रत्येक नवी बाटली लाल होत होती, आणि पांढरी पडण्याचं तापमानही जागेवर राहत नव्हतं. महिनाअखेर जुळलं नाही तर हे सगळं काढून टाका आणि दुसरा विषय घ्या, असं तिच्या गाइड मॅडमनी सांगितलं होतं. म्हणजे मागचं सगळं पाण्यात.

"पूड तीच?"

"सेम लॉट."

"पाणी?"

"तीनदा तपासलं. वजनाचा बॅलन्स पण तपासून घेतला. आत्या, मी काय काय नाही केलं."

दिवसभर मी तिचं काम बघत बसले. तिने ओव्हनमधून कोरडी केलेली पूड काढली, बशी कूलरसमोर निवत ठेवली, कारण गरम बशी तशीच तोलली तर वजन चुकतं. निवल्यावर तोलली, पाणी घातलं, बूच लावलं. हात स्वच्छ, काम टापटीप. मी त्या बशीच्या शेजारीच बसले होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट झोत छान लागत होता.

संध्याकाळी दादाने हळूच विचारलं, "बोललीस?"

"अजून बघतेय," मी म्हटलं. पण मनात मीही दादाच्या बाजूला झुकले होते. एवढं निगुतीने करूनही जमत नसेल तर पोरीने किती दिवस डोकं आपटायचं?

चकल्या

दुसऱ्या दिवशी मी दादासाठी चकल्या केल्या. भाजणी घरची, मोहन बेताचं, चकलीला काटा असा आला की वहिनींनी मोबाइलवर फोटो काढून इंदूरला धाडला. घाणा काढला की वहिनी ताट उचलून न्यायच्या आणि कूलरसमोर ठेवायच्या. निवल्या की डब्यात. जेवताना दादाने मोठ्या कौतुकाने एक तोंडात टाकली. आवाज आला नाही. चिवट, मऊ, वातड चकली. दादाने दुसरी घेतली नाही, हे जास्त लागलं.

"वन्सं, भाजणी जुनी होती का?" वहिनींनी विचारलं.

माझ्या भाजणीला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. मी उठले, कढई परत चढवली आणि राहिलेल्या पिठाच्या चकल्या तळल्या. निम्म्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवल्या, निम्म्या कूलरसमोर. माझी नोकरी सुटली, सवय सुटलेली नाही. निवल्यावर दोन्ही ताटं टेबलावर आणली. ओट्यावरची चकली कडकन तुटली. कूलरची वाकली.

"घ्या," मी म्हटलं. "भाजणीचा दोष नाही. तुमच्या कूलरचा आहे. ओला वारा फेकतो तो. गरम कोरडी चकली निवता निवता सगळी ओल ओढून घेते."

वहिनी हसल्या. दादाने कडक ताट आपल्याकडे ओढलं. गार्गी मात्र दोन्ही हातांत एक एक चकली धरून बसून राहिली होती.

"आत्या," ती म्हणाली, "मी पूड कुठे निववते?"

कूलरसमोर. मी त्या बशीच्या शेजारी दिवसभर बसलेली होते.

"थंडीत कुठे निववायचीस?"

"डेसिकेटरमध्ये." म्हणजे ओल शोषणारे दाणे घातलेलं जाड काचेचं झाकणबंद भांडं. "पण त्यात टाइम लागतो. कूलर लागला तसं... मतलब, घरी सगळं तिथेच ठेवतो ना. मी काही सोचलंच नाही."

सकाळी आम्ही पोहेसुद्धा न खाता निघालो. पूड कोरडी केली, डेसिकेटरमध्ये निववली, तोलली. मग तीच बशी कूलरसमोर ठेवून बाहेर चहा प्यायलो आणि परत तोलली. वजन वाढलेलं होतं. थोडंथोडकं नाही, हिरव्याची लाल व्हायला पुरेल इतकं. गार्गी स्टुलावर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"दोन महिने मी पाणी तोलत होते, आत्या."

चिपाडातली ओल मोजण्यात माझा जन्म गेला आणि माझ्या नाकासमोरची ओल मला दिसली नाही. पण तेव्हा मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. फार आनंद झाला होता. तिने लगेच पासष्टची नवी बाटली तयार केली. आता त्या काकवीतले बुडबुडे निघायचे, आतल्या काड्या रांगेत यायच्या, मग रंग. त्याला काही दिवस लागतात आणि त्यात कोणाची घाई चालत नाही. शनिवार मात्र दुसऱ्याच दिवशी होता.

महाराणा प्रताप नगर

रात्री जेवताना गार्गीने सांगून टाकलं, की ती नोकरीला नाही म्हणणार.

"हिरवी झाली का?" दादाने विचारलं.

"अजून नाही."

"आणि नाही झाली तर? ना इकडची राहशील ना तिकडची."

दादा माझ्याकडे वळला. "तुला समजूत घालायला बोलावलं होतं, कुंदा."

"घातली," मी म्हटलं. "माझीच घातली गेली."

तो ताटावरून उठला नाही, पण पुढचं काही वाढून घेतलं नाही. त्याचा राग मला कळत होता. पोरीला असं झिजताना बघून तो थकला होता, आणि थकलेल्या माणसाला खात्रीची गोष्ट हवी असते.

एम. पी. नगर म्हणजे भोपाळचा घाईचा भाग. कोचिंगच्या पाट्यांवर पाट्या, त्यांवर हसणारी मुलं, खाली झेरॉक्स, कचोरी आणि पार्क केलेल्या दुचाकी. शनिवारी क्लासच्या मॅनेजरने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. गार्गीने आठवडाभराची मुदत मागून बघितली. माणूस सभ्य होता.

"मॅडम, बैच सोमवार से है। आज हाँ कहिए या ना कहिए।"

"फिर ना, सर," गार्गी म्हणाली आणि हात जोडले.

खाली उतरून आम्ही उसाचा रस घेतला. मी एक घोट घेऊन साखरेचा अंदाज सांगितला, तिला हसवावं म्हणून. ती हसली नाही.

"आत्या, मी पागलपणा तर नाही केला?"

खरं सांगायचं तर खात्री मलाही नव्हती. दादाच्या घरात आग लावून मी कराडला निघून जाणार, असं वाटत होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण वजन वाढलेलं मीही बघितलंय. ते काही खोटं नाही."

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं.

तळ्याकाठी

शेवटी तळंही पाहिलं. रविवारी संध्याकाळी वहिनी आम्हा दोघींना मोठ्या तलावावर घेऊन गेल्या. दादा आला नाही. पाणी दूरवर पसरलेलं, वारा आता सुसह्य, पोरं होड्यांतून ओरडत चाललेली. वहिनींनी चहा मागवला. मी घोट घेतला आणि चहावाल्याला म्हटलं, "भैया, शक्कर के बदले नमक गिर गया है।"

"नमक वाली ही तो है, खाला," मला मावशी करून तो शांतपणे म्हणाला. "पी के देखो।"

भोपाळात चहात मीठ घालतात आणि माणसं ते आवडीने पितात. मी संपवला, पण मैत्री काही झाली नाही.

"माझ्या पाकात मीठ घातलं ना," गार्गी म्हणाली, "तर तो कमी गरमीतच पांढरा पडतो."

"मग त्याचं आणि माझं जमेल," मी म्हटलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळेपणाने हसली. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "वन्सं, नोकरी तर मिळून जाईल दुसरी. ही अशी हसते, ते मला पाहिजे होतं. त्यांना कोण सांगेल?"

पासष्टची बाटली

मग वाट पाहणं. पहिल्या दिवशी बाटलीत धुकं होतं. दुसऱ्या दिवशीही धुकं. मी घरी पडद्यांना झालर शिवली, वहिनींकडून बाफले, म्हणजे आधी उकडून मग भाजलेल्या बाट्या, शिकले, आणि दादाशी जरुरीपुरतं बोलले. मग एका सकाळी गार्गीचा फोन आला. "आत्या, रंग आला," ती म्हणाली.

"कुठला?" मी विचारलं.

"हिरवा."

मी रिक्षाने मिसरोदला गेले. हिरवा म्हणजे पोपटाच्या पाठीचा, थंडीतल्या जुन्या बाटलीशेजारी ठेवली तर कुठली कुठली ते सांगता येऊ नये. गाइड मॅडम आल्या, दोन्ही बाटल्या उजेडात धरून बघितल्या, कूलरकडे एक नजर टाकली.

"तो पूरी गर्मी का काम दोबारा?"

"जी मॅडम," गार्गी म्हणाली, इतक्या खुशीने की मॅडमनाही हसू आलं.

मॅडम गेल्यावर तिने जास्तीच्या पाकाच्या दोन छोट्या बाटल्या मेण लावून बंद केल्या. एक मला. दुसरी तिने संध्याकाळी दादासमोर टेबलावर ठेवली. दादाने चष्मा लावला. बाटली वळवून, तिरकी करून बघितली, यंत्राचा सुटा भाग तपासावा तशी.

"याला रंग कोणता घालता?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत त्याने तिच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. गार्गी आगपेटी आणायला स्वयंपाकघरात पळाली. मी आणि वहिनी बाहेर मोगऱ्याजवळ जाऊन बसलो.

परत

माझी बाटली पर्समध्ये होती. गाडी भर दुपारची. इटारसीच्या आसपास बघावं म्हणून काढली, तर दुधासारखी पांढरी. गार्गीने सगळं समजावून सांगितलेलं असूनही मला ती गेलीच असं वाटलं. रुमालात गुंडाळून सीटखाली सावलीत ठेवली आणि हात लावला नाही. सकाळी दौंडच्या पुढे गार वारा सुटला तेव्हा रुमाल उघडला. तळाशी हिरवा उमटला होता, वर अजून थोडं धुकं. पुणं येईपर्यंत तेही गेलं.

आता ती कराडात माझ्या खिडकीत असते. परवा दुपारी दादाचा फोन आला. गार्गी गर्मीतलं सगळं काम नव्याने करतेय, लॅबमधला कूलर दुसऱ्या खिडकीत हलवलाय, जेवते नीट, असं सगळं सांगून झालं.

"आमची आज पांढरी पडली," तो म्हणाला. "इथे आग ओकतोय सूर्य."

"मग?"

"मग काही नाही. माठाशेजारी ठेवलीय. संध्याकाळपर्यंत येईल."